जांभळ्या टॉर्चखाली चमकणारा दगड आणि किलोला तीन कोटींचा हिशेब

विदर्भातल्या गावागावांत मोबाइलवर फिरणारा एक संदेश सांगतो, की विहिरीच्या मलब्यात काळा, जड दगड सापडला आणि तो नोटा तपासण्याच्या जांभळ्या (अतिनील) टॉर्चखाली हिरवा चमकला, तर तो दुर्मिळ युरेनियमचा असून त्याला किलोला तीन कोटी रुपये मिळतात.

हे वर्णन मुळातच स्वतःला खोडून काढते. युरेनियमचे प्रमुख धातुक (धातू काढण्याजोगे खनिज) युरेनिनाइट हे काळे आणि शुद्ध रूपात पाण्याच्या सुमारे दहापट घनतेचे असते खरे, परंतु ते अतिनील प्रकाशात मुळीच चमकत नाही. झगझगीत हिरवे दिसते ते ऑट्युनाइट हे युरेनियमचे दुसरे खनिज. ते पिवळसर-पोपटी, नखाने कुरतडता येईल अशा ठिसूळ पापुद्र्यांचे असते आणि त्याची घनता आपल्या काळ्या पाषाणाइतकीच, म्हणजे तीनच्या आसपास भरते. त्याच्या जवळचे टॉर्बर्नाइट तर त्यातल्या तांब्यामुळे चमकतच नाही. उलट अकोला, अमरावती, यवतमाळच्या काळ्या पाषाणातील (बेसॉल्ट) पोकळ्यांत मिळणारे कॅल्साइट आणि गारेच्या जातीचे कॅल्सेडनी अनेकदा चमकतात. कॅल्सेडनीतील हिरवी छटा युरेनियमच्या अंशामुळे असू शकते, पण त्यासाठी दहा लाखांत काही भाग एवढे प्रमाणही पुरते आणि त्याला धातुक म्हणत नाहीत. (त्याच टॉर्चखाली धुऱ्यावरचा विंचूही चमकतो.)

जडपणाची परीक्षा मात्र घरी होते. दगड आधी हवेत आणि मग दोरीने पाण्यात लोंबकळत ठेवून तोलावा, आणि हवेतील वजनाला पाण्यात कमी झालेल्या वजनाने भागावे; येणारा आकडा म्हणजे दगडाची घनता पाण्याच्या किती पट आहे ते. नागपूर-भंडारा पट्ट्यातील काळे मँगनीज धातुक साधारण चार ते पाच भरते.

किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र 'टिकटिकले' एवढ्यानेही काही सिद्ध होत नाही, कारण पोटॅशियमयुक्त ग्रॅनाइट आणि थोरियमयुक्त मोनाझाइटही किरणोत्सर्ग करतात. नेमके मूलद्रव्य गॅमा वर्णपटावरून, म्हणजे बाहेर पडणाऱ्या गॅमा किरणांच्या ऊर्जेच्या नोंदीवरून ठरते.

राहिला भाव. मे 2021 मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने सुमारे 7 किलो नैसर्गिक युरेनियम जप्त केले आणि त्याची किंमत 21 कोटींच्या घरात सांगितली गेली. तीन कोटींचा आकडा बहुधा तिथूनच आला असावा. त्या काळात जागतिक बाजारात युरेनियम ऑक्साइडचा भाव पौंडाला सुमारे 30 डॉलर, म्हणजे किलोला जवळपास पाच हजार रुपये होता, आणि तोही शुद्ध केलेल्या मालाचा. झारखंडमधील जादुगुडाच्या एक टन धातुकात जेमतेम अर्धा किलो युरेनियम असते. परदेशी संग्राहक काही नमुन्यांना चांगली किंमत देतात, पण ती स्फटिकाचा घाट आणि खाणीची खात्रीशीर नोंद पाहून. भारतात केंद्र सरकारच्या परवान्याशिवाय युरेनियमची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे.

म्हणून 'तपासणी फी' आगाऊ मागणारा दलाल कोणता माल विकत आहे, हे ओळखणे अवघड नाही. शंका खरीच असेल, तर दगड फोडू नये, त्याची भुकटी करू नये, तो घरात ठेवू नये. हात धुवावेत आणि अणु खनिज अन्वेषण व अनुसंधान निदेशालयाच्या नागपूर येथील कार्यालयाला कळवावे.