जावई न्यायाधीश, वारसही न्यायाधीश

राष्ट्राध्यक्षाला पदावरून हटवण्याची चर्चा निघाली की माझ्या डोळ्यांसमोर १८६८ सालची अमेरिकेची सिनेट येते. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनवर महाभियोग चालला होता आणि निकाल ५४ सिनेटरांच्या हाती होता. त्यातला एक, टेनेसीचा डेव्हिड पॅटरसन, चक्क जॉन्सनचा जावई. दुसरा बेंजामिन वेड, सिनेटचा हंगामी सभापती. उपाध्यक्षपद रिकामं असल्यामुळे जॉन्सन गेला असता तर खुर्ची थेट वेडलाच मिळाली असती. निःपक्ष न्याय करू, अशी शपथ दोघांनीही घेतली. जावयाने ‘निर्दोष’ म्हटलं, वेडने ‘दोषी’. ३५ विरुद्ध १९. दोन तृतीयांशासाठी ३६ मतं हवी होती, जॉन्सन एका मताने वाचला.

साध्या जमिनीच्या दाव्यात तरी आपण पक्षकाराचा जावई न्यायाधीश म्हणून चालवून घेऊ का?

दोन तृतीयांशाची अट मला पटते. लोकांनी निवडून दिलेला माणूस काठावरच्या बहुमताने घालवता येऊ नये. माझा आक्षेप न्याय कोण करतं, यावर आहे. आरोप ठेवणारे राजकारणी, निकाल देणारेही राजकारणीच, आणि त्या निकालाला सभागृहाने एकत्रितपणे दिलेली लेखी कारणं नसतात. २०२१ मध्ये ट्रम्प यांच्याविरुद्ध ५७ मतं पडली, त्यात त्यांच्याच पक्षाचे सात जण होते, तरी दोन तृतीयांश न भरल्याने ते सुटले. आजवर सिनेटने एकाही अध्यक्षाला हटवलेलं नाही. निक्सन गेले ते राजीनामा देऊन.

दक्षिण कोरियाची पद्धत मला जास्त न्यायाची वाटते. तिथे संसदेत ३०० पैकी २०० मतं पडली की अध्यक्षांचे अधिकार त्याच दिवशी थांबतात. पण अखेरचा निर्णय घटनात्मक न्यायालयाचा. हटवायचं तर किमान सहा न्यायाधीश त्या बाजूने हवेत, आणि निकाल कारणांसह द्यावा लागतो. ‘न निवडलेल्या न्यायाधीशांना एवढी सत्ता कशाला?’ असं विचारणाऱ्यांनी २००४ चा निकाल बघावा. तेव्हाचे अध्यक्ष रो मू-ह्युन यांनी कायदा मोडला, हे न्यायालयाने मान्य केलं, पण पद काढून घेण्याइतकं ते गंभीर नाही म्हणून त्यांना परत खुर्चीवर बसवलं. म्हणजे संसदेने घाई केली तर तिलाही अडवणारं कुणीतरी तिथे आहे.

२०१७ मध्ये अध्यक्ष पार्क ग्युन-हे पदावरून गेल्या. आणीबाणीसारखा लष्करी कायदा पुकारणारे अध्यक्ष युन सुक-योल ४ एप्रिल २०२५ ला पदावरून गेले. दोन्ही वेळा आठही न्यायाधीशांचं एकमत होतं. दुसऱ्या वेळच्या त्या आठांत खुद्द युन यांनी नेमलेला न्यायाधीशही होता.