हिरवं चमकलं म्हणजे जिवंत? आधी रंग कुठला ते सांगा

पाणीतपासणीबद्दलचा एक मेसेज ग्रुपग्रुपवर फिरतोय: ‘नमुन्यात फ्लुओरेसंट रंग टाका, मायक्रोस्कोपखाली धरा. हिरवं चमकलं ते शैवाल जिवंत, लाल दिसलं ते मेलेलं. पाच मिनिटांत निकाल.’

‘हिरवं ते जिवंत.’ रंग फ्लुओरेसिन डायअसिटेट, म्हणजे एफडीए असेल, तर बऱ्याच अंशी खरं. तो स्वतः चमकत नाही. पेशीत शिरला की तिथली विकरं (एन्झाइम) त्याला तोडतात, त्यातून चमकणारं फ्लुओरेसिन सुटतं आणि पेशीपटल धड असेल तर आतच साठतं. सायटॉक्स ग्रीन या दुसऱ्या रंगाचं मात्र नेमकं उलटं. धड पटल तो ओलांडत नाही. फाटक्या पेशीत घुसून डीएनएला चिकटतो. तिथे हिरवी दिसली ती मेलेली! मेसेजवाल्याने बाटलीवरचं नाव वाचलेलंच दिसत नाही.

‘लाल ते मेलेलं.’ हे तर साफ चूक. निळ्या प्रकाशात हरितद्रव्य आपसूकच लाल चमकतं, ६८० नॅनोमीटरच्या आसपास. धडधाकट शैवाल काहीही न टाकता लालच दिसतं आणि मेल्यावरही ती लाली काही काळ टिकते. प्रोपिडियम आयोडाइड हा रंग मेलेल्या पेशी लाल दाखवतो, बॅक्टेरियांसाठी तो छानच. पण शैवालात ही लाली हरितद्रव्याच्या लालीत हरवते. म्हणून तर सायटॉक्स ग्रीन.

‘पाच मिनिटांत निकाल.’ घाई करावी लागते हे खरं, पण ती फ्लुओरेसिन पेशीतून हळूहळू झिरपतं म्हणून. मोजणी रेंगाळली की जिवंत पेशीही फिक्या पडतात. शिवाय सोबत आणखी दोन नमुने हवेतच. एक बिनरंगाचा, कारण काही डायनोफ्लॅजेलेट (एकपेशीय सूक्ष्मजीव) मुळातच हिरवट चमकतात. दुसरा तापवून मारलेला. एफडीए घालून त्यातही हिरव्या पेशी दिसल्या, तर त्या दिवशीची मोजणी बाद.

आणि ‘जिवंत’ म्हणजे तरी काय? जहाजांच्या बॅलास्ट पाण्यावरून, म्हणजे तोल सांभाळायला जहाजात भरतात आणि नंतर सोडतात त्या पाण्यावरून, हा वाद चांगलाच पेटला होता. ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार १० ते ५० मायक्रोमीटर आकाराचे तग धरू शकणारे जीव दर मिलिलिटरला १० पेक्षा कमी हवेत. हे पाणी साफ करायला काही जहाजं अतिनील किरण वापरतात. त्यांनी पेशीचा डीएनए बिघडतो, पटल आणि विकरं मात्र काही काळ शाबूत राहतात. एफडीएत अशी पेशी हिरवीगार दिसते, पण तिची पिल्लावळ वाढत नाही. अमेरिकी तटरक्षक दल रंगाच्या बाजूने राहिलं. अतिनील यंत्रं बनवणाऱ्यांचं म्हणणं, पेशी वाढवून बघा. त्यासाठी पाणी पातळ करत नळ्यांत भरायचं, उजेडात ठेवायचं आणि साधारण दोन आठवडे थांबायचं.