कसलं पीक?

"कसलं पीक आहे तिथं?" सासऱ्यांनी विचारलं.

"पीक नाही, अण्णा. डोंगर आहे. पिकाचो पीक."

"तेच विचारतोय. कशाचं?"

अण्णांचा सगळा जन्म साताऱ्यात गेला, त्यामुळे चूक त्यांची नव्हती. मी समजावलं की 'पिकाचो' म्हणजेच स्पॅनिशमध्ये शिखर आणि 'पीक' म्हणजे इंग्रजीत शिखर. म्हणजे या डोंगराचं नाव 'शिखर शिखर'. "असं म्हणा की," अण्णा म्हणाले, "पिवळा पितांबर."

आम्ही अॅरिझोनात चँडलरला राहतो. तिथून टूसानच्या रस्त्याला लागलं की पाऊण-एक तासात सपाट वाळवंटातून हा सुळका एकदम वर आलेला दिसतो. उंची ३,३७४ फूट. हा आकडा सांगून मी अण्णांना गार करणार होतो. ते म्हणाले, "म्हणजे आमच्या अजिंक्यताऱ्याएवढाच. तिथं मी चपलेवर जातो." मी नेटवर बघितलं. दोन्ही उंच्या खरंच जवळपास सारख्या निघाल्या. सासऱ्यांशी वाद घालण्याआधी नेट बघायचं हे मला लग्नाच्या सोळाव्या वर्षी कळलं.

नियोजनाला सुरुवात झाली ती तारखेपासून. सह्याद्रीत पाऊस पडला की माणसं डोंगरावर पळतात. इथे मे ते सप्टेंबर डोंगराकडे काचेतून बघायचं. २०२३ साली फीनिक्समध्ये सलग ३१ दिवस दिवसाचा पारा ११० फॅरनहाइटला, म्हणजे ४३ सेल्सिअसला किंवा त्याच्याही वर पोचत होता. त्या महिन्यात मी गाडीचं स्टिअरिंग स्वयंपाकघरातल्या फडक्याने धरत होतो. मग गणपती, त्याच्या तालमी, दिवाळी, नाताळ, संक्रांतीचं हळदीकुंकू. उरला मार्च. व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला तेव्हा 'आम्ही नक्की' म्हणणारे अकरा जण होते. पहाटे साडेपाचला निघायचंय असं लिहिल्यावर सहा उरले. पाणी ज्याचं त्याने उचलायचं, असं लिहिल्यावर तीन. ते तिघेही आमच्याच घरातले होते.

पाण्याबाबत मात्र मी कडक होतो. कोरड्या हवेत घाम अंगावर टिकतच नाही, आल्या आल्या उडून जातो. मुंबईत सदरा चिकटतो म्हणून माणसाला कळतं तरी. इथे माणूस सुकत जातो आणि 'काय छान हवा आहे' म्हणत राहतो. म्हणून माणशी चार लीटर. शिवाय नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही, मीठ लागतं. त्याची सोय सासूबाईंनी लिंबाच्या सरबताने आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांनी केली. पुऱ्या इतक्या होत्या की मीठ पुढच्या मार्चपर्यंत पुरलं असतं. चार लीटर म्हणजे चार किलो, हे मला पिशवी पाठीला लावल्यावर समजलं. अण्णांनी दोन बाटल्या आणि चार काकड्या घेतल्या. "काकडी म्हणजे पाणीच की. वर सांडत नाही." उरलेलं त्यांचं पाणी अर्थातच माझ्या पिशवीत.

मग मी यादीतला सातवा जिन्नस वाचला : उवांची फणी.

"देवाच्या दयेनं आमच्या घरात कुणाला उवा नाहीत," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्या डोक्याकडे बघत राहिल्या.

फणी चोयासाठी होती. चोया हे इथलं एक निवडुंग. लांबून बघावं तर मऊ, सोनेरी, लोकरीचं बाळ. धक्का लागला की त्याची कांडी तुटून अंगाला चिकटते. काट्यांना बारीक उलटे दात असतात, त्यामुळे हाताने उपटायला गेलं की ती हातालाही चिकटते. तेव्हा फणीचे दात कांडीखाली सरकवून एका झटक्यात उडवायची. हे मी सगळ्यांना बटाटा आणि टूथपिक घेऊन करून दाखवलं. बायको म्हणाली, "तू आयटीत आहेस ना अजून?"

हातमोजे तेवढे राहिले. या वाटेवर पलीकडच्या अंगाला खडकात पोलादी दोर ठोकलेले आहेत, ते धरून चढायचं असतं आणि तळहात सोलवटतात. शेवटी सिंकखालचे भांडी घासायचे पिवळे रबरी मोजे पिशवीत टाकले.

त्या दिवशी सगळं वेळेवर झालं, हे लिहून ठेवतो कारण पुन्हा होणार नाही. पायथ्याशी पिवळीधमक खसखशीची फुलं होती. वाटेत मी अण्णांना सांगितलं की या डोंगराच्या खिंडीत १५ एप्रिल १८६२ला अमेरिकी यादवीतली लढाई झाली. 'खिंड' ऐकताच अण्णा थांबले, टोपी काढली.

"किती पडले?"

"उत्तरेकडचे तीन."

"तीन हजार?"

"तीन."

अण्णांनी टोपी घातली.

चढ खडा होता. दर वळणावर मी थांबत होतो आणि पीत होतो. तहानेपेक्षा पाठीवरचं ओझं कमी व्हावं हा हेतू. धारेवरच्या खिंडीत पोचलो आणि वाट पलीकडे चक्क खाली उतरायला लागली, तीही दोर धरून, कित्येक मजले. कमावलेली उंची सगळी परत द्यायची आणि मग पुन्हा चढायचं. अण्णा म्हणाले, "कंत्राटदार इथलाच दिसतोय."

आता एक नियम मीच केला होता, ग्रुपवर ठळक अक्षरांत टाकला होता : ज्याचं निम्मं पाणी संपेल त्याने तिथूनच मागे फिरायचं. बायकोने सगळ्यांच्या बाटल्या तपासल्या. तिचं पाऊण शिल्लक. अण्णांची एक बाटली उघडलेलीच नव्हती. माझं सव्वा लीटर उरलं होतं.

"नियम म्हणजे नियम," बायको म्हणाली.

अडुसष्ट वर्षांच्या अण्णांनी पिवळे मोजे चढवले, काकडी तोंडात धरली आणि दोर पकडून उतरायला लागले. वरून बघितल्यावर ती दोन पिवळी टोकं बराच वेळ दिसत होती. मी पुऱ्यांचा डबा उघडला आणि सावली बघून एका खडकावर टेकलो. खडकावर आधी काय पडलंय ते बघायचं राहिलं.

दीड तासाने दोघं परत आली तेव्हा मी उभा होतो. दीड तास उभाच होतो.

"बसा की," अण्णा म्हणाले. मग त्यांनी मला वळसा घालून मागून बघितलं. "फणी कुठंय?"

"पिशवीत. डावा कप्पा."

"वाका जावईबापू."

खालून एक गोरं जोडपं दोराकडे निघालं होतं. ते 'गुड मॉर्निंग' म्हणालं. मी वाकूनच 'गुड मॉर्निंग' म्हणालो. अण्णांनी पिवळे मोजे नीट केले आणि झटका दिला, साताऱ्याला ऐकू जाईल असा मी ओरडलो. फणीवरची काटेरी कांडी त्यांनी उन्हात धरली, फिरवून फिरवून न्याहाळली.

"हं," अण्णा म्हणाले. "म्हणजे हे पीक होय."