नियम नवे, जिना तोच

शहरात कुठे मोठी आग लागली की चार दिवसांत नियम कडक करण्याची घोषणा होते, आणि दरवेळी मला आमच्या इमारतीचा जिना आठवतो. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईतल्या कमला मिलच्या आगीत १४ जीव गेले, २०१८ मध्ये मुंबईला नवी विकास नियंत्रण (म्हणजे बांधकामांची) नियमावली मिळाली, २०२० मध्ये राज्यातल्या बहुतेक शहरांसाठी एकत्रित नियमावली आली. पण अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत देण्याचे बंधन राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यातच आहे, त्याचे काय? आमच्याकडे ते प्रमाणपत्र अगदी वेळेवर येते (शिक्क्यासकट), मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या लाल पेटीत होजपाइपऐवजी केरसुणी आणि फिनेलची बाटली आहे, आणि गच्चीच्या कुलपाची किल्ली सेक्रेटरींच्या घरी असते, जे स्वतः निम्मे वर्ष गावी असतात. जिन्यातली चपलांची कपाटे हलवा म्हटले, तर सभेत उत्तर मिळते, "अहो, इतक्या वर्षांत काही झाले का?" आणि पुढचा पाऊण तास लॉबीच्या फरशीचा रंग ठरवण्यात जातो.