करंट कुठंतरी मुरतोय

मागच्या बंपरचा पोचा सच्याला लांबूनच दिसला. मी गाडी लावून साताऱ्याच्या गोलबागेच्या कठड्यापाशी पोचेपर्यंत त्यानं विचारलंसुद्धा, "कुणाला ठोकलंस रं?"

कुणाला नाही. आदल्या रविवारी ठोसेघरहून येताना एका टपरीवर चहाला थांबलो होतो. निघताना गाडी मागं घेतली, आरशात नुसता काळोख, आणि टपरीवाल्यानं कडेला पुरलेला दगड बंपरनं बरोब्बर शोधून काढला. दगडाला चुना लावलेला होता, म्हणजे पांढराधोप! तरी दिसला नाही. तिथून खाली बोगद्यापर्यंत एका पिकअपच्या मागं मागं, त्याच्या उजेडात आलो. माझे स्वतःचे हेडलाइट म्हणजे पुढं दोन समया लावून निघाल्यासारखं. गाडी २००७ ची आहे, दोष तिला तरी किती द्यायचा.

"एलईडी टाक," सच्या म्हणाला. त्याचं मोबाईलचं दुकान आहे, त्यामुळं कुठल्याही आजारावर त्याच्याकडं एक बॉक्स असतो. "वीस हजार ल्युमेन उजेड. लिवलंय बॉक्सवर."

"बॉक्सवर लिवायला काय जातंय," अप्पा म्हणाले. अप्पांनी एसटीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिकला तीस वर्षं काढली. "तुझ्या गाडीत एच-फोर बल्ब हाय. डिपरला, म्हंजी खालच्या झोताला, पंचावन वॅट, अप्परला साठ. त्यो चांगला चालला तर यवतेश्वराचा घाट दिवसासारखा दिसतोय. आदी त्यो का चालंना ते बघ की."

मास्तरांनी (फिजिक्स शिकवतात, त्यामुळं आकडा आल्याशिवाय बोलत नाहीत) भर घातली की चांगला एच-फोर डिपरवर हजारभर ल्युमेन देतो आणि अप्परवर सोळाशेच्या पुढं. वीस हजार म्हणजे तुझ्या गाडीच्या नाकावर वीस हेडलाइट बसवल्यासारखं झालं. तेवढी उष्णता त्या अंगठ्याएवढ्या पंख्यानं कुठं घालवायची?

अप्पा एव्हाना उठून गाडीपाशी गेले होते. हेडलाइटच्या काचेवरून त्यांनी नख फिरवलं आणि मला हाक मारली. काच कसली, प्लॅस्टिकच ते. वरच्या अर्ध्या भागाला जुन्या पिवळ्या नखासारखा रंग आलेला, आणि बोट लावलं तर खरखरीत. "ह्यातनं सूर्य जरी लावलास तरी बाहेर काय येणार?"

"टूथपेस्ट घासायची," मी म्हणालो. मी घासली होती, खोटं कशाला बोलू. आठवडाभर चकाचक दिसली आणि दिवाळीपर्यंत परत पिवळी.

यावर रफिक पहिल्यांदा बोलला. त्याचं वायरिंगचं गॅरेज आहे आणि गिऱ्हाईक नसलेल्या जागी तो फुकट सल्ला देत नाही, म्हणून त्याचं बोलणं आम्ही ऐकतो. त्याचं म्हणणं, पेस्टनं घासलं जातं हे खरं, पण नव्या प्लॅस्टिकवर उन्हापासून वाचवणारा जो थर असतो तो तुझा केव्हाच गेलाय. पाणी मारत हजारचा पॉलिश पेपर, मग दीड हजार, दोन हजार, तीन हजार, मग कंपाउंड, आणि शेवटी यूव्हीचा क्लिअर कोट. लोक शेवटचं तेवढं सोडतात. "चेहरा धुतला आन् उन्हात जाऊन बसला, असं हाय ते."

इथपर्यंत भांडण नव्हतंच. भांडण लागलं ते रफिकनं स्कूटरच्या डिकीतनं मीटर काढल्यावर.

गाडी चालू, डिपर चालू. बॅटरीवर मीटरनं १३.९ व्होल्ट दाखवले. मग त्यानं बल्बच्या मागचं रबर सरकवलं, होल्डर न काढता त्याच्या पाठीतनं बारीक टोक आत घातलं, दुसरं टोक बल्बच्याच अर्थिंगच्या पिनेला. ११.८. रफिकनं मीटर माझ्याकडं वळवला. "दोन व्होल्ट वाटेत मुरतायत."

"दोन व्होल्टनं काय हुतंय?" सच्या म्हणाला. मलाही तसंच वाटलं होतं. चौदातले दोन गेले, म्हणजे फार तर सातवा हिस्सा उजेड गेला.

मास्तरांचे डोळे चमकले. हॅलोजनचा, म्हणजे आपल्या ह्या तारेच्या बल्बचा, उजेड व्होल्टेजच्या जवळजवळ साडेतीनाव्या घाताच्या प्रमाणात बदलतो, तार जराशी जरी थंड पडली तरी उजेड धाडकन खाली येतो. त्यांनी मोबाईलवर हिशोब केला: छप्पन्न टक्के. म्हणजे बल्ब धडधाकट, आणि चाळीस टक्क्यांहून जास्त उजेड काचेपर्यंत पोचायच्या आधीच गायब. उरलेल्यातला बराच त्या पिवळ्या काचेनं खाल्लेला.

अप्पांनी खडूचा तुकडा मिळतो का पाहिलं, नाही मिळाला, मग बोटानं बॉनेटच्या धुळीवर सर्किट काढलं. बॅटरीतनं निघालेला करंट फ्यूजबॉक्समधून स्टिअरिंगखालच्या स्विचमध्ये, तिथनं डिपरच्या दांडीत, परत पुढं बल्बला, आणि बल्बमधून बॉडीला. पंचावन वॅटचे दोन बल्ब म्हणजे नऊ अँपिअर, हे सगळं त्या काडीएवढ्या वायरीतनं आणि सतरा-अठरा वर्षं ठिणग्या खाल्लेल्या पॉइंटांतनं जाणार. "आन् शेवटी अर्थिंग. गंजलेल्या बोल्टाला." तो बोल्ट खरंच गंजला होता. दोनातले सहा दशांश व्होल्ट एकटा तोच गिळत होता.

उपाय रिलेचा. रिले म्हणजे थोड्याशा करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीवरून फ्यूज लावून जाड वायर थेट रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून बल्बला, आणि जुनी वायर फक्त ८५-८६ च्या कॉइलला इशारा द्यायला. डिपरला एक रिले, अप्परला एक. स्विचवरचा भारही जातो.

"मग वायर जाड केलीच हाय तर शंभर-नव्वद वॅटचे बल्ब टाकू," सच्या काही हार मानत नाही. रफिकनं उत्तर दिलं नाही. स्कूटरच्या डिकीतून त्यानं एक होल्डर काढून कठड्यावर ठेवला. मेणबत्तीसारखा ओघळलेला, एक पिन तिरकी होऊन प्लॅस्टिकमध्ये रुतलेली. शंभर-नव्वदचाच होता.

एलईडीवर मात्र सच्या अडून बसला, आणि त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. नव्या गाड्यांना कंपनीच एलईडी देते, मग आपण टाकलं तर काय बिघडलं? मास्तर म्हणाले, त्या दिव्याचा आरसा किंवा लेन्स त्या चिपसाठीच घडवलेली असते. आपल्या दिव्यात आरसा घडवलाय एका बारीक तारेसाठी. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते, ती खाली जाणारा उजेड अडवते म्हणून समोरच्याच्या डोळ्यात जात नाही. तार मिलिमीटरनं जरी हलली तरी झोत विस्कटतो. बाजारातल्या एलईडीत चिप दोन बाजूंना, वाटी नावापुरती. उजेड फेकला जातो झाडांवर, पाट्यांवर, समोरच्या टेम्पोवाल्याच्या तोंडावर, आणि गाडीच्या नाकापुढच्या दहा पावलांवर. ती दहा पावलं इतकी लख्ख होतात की बुबुळ आकसतं आणि लांबचं आणखीच दिसत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे म्हणे, की ८ मीटरवर दीड मीटर उंचीवरच्या डोळ्याला झोतानं दिपवता कामा नये.

"पूर्वी हेडलाइटला काळा ठिपका लावायला लागायचा, त्यो त्याच्यासाठीच," अप्पा म्हणाले. "आन् पिवळा उजेड पायजे. कासच्या धुक्यात पांढरा गेला की भिंत हुतीया समोर."

इथं मास्तर आणि अप्पा जुंपले. मास्तरांच्या मते धुक्याचा थेंब उजेडाच्या तरंगापेक्षा कितीतरी मोठा असतो, त्याला पिवळ्या-पांढऱ्याचं कौतुक नाही. फॉगलॅम्प उपयोगी पडतो तो खाली बसवलेला असतो आणि झोत रुंद, चपटा असतो म्हणून. अप्पांचं उत्तर एका वाक्याचं होतं. "मास्तर, श्रावणात मेढ्यावरनं म्हाबळेश्वराला गाडी ट्रायलला नेलीया मी, तुमचा थेंब मला वळखतो." हे भांडण अजून मिटलेलं नाही. धुक्यात अप्पर लावू नये, एवढ्यावर तेवढं दोघांचं जमतं.

रिव्हर्सच्या दिव्याकडं यायला साडेनऊ झाले. तिथं तर सगळी लाजच निघाली. दोनातला एक दिवा बंद. दुसऱ्याचा एकवीस वॅटचा बल्ब आतून काळवंडलेला, त्यामागचा चंदेरी मुलामा पापुद्रे धरलेला. आणि मागच्या काचेवर आधीच्या मालकानं चिकटवलेली काळी फिल्म.

"फिल्म २०१२ लाच सुप्रीम कोर्टानं बंद केली," मास्तर.

"मी लावलेली नाही."

"काढलीस पण न्हाईस," अप्पा.

रफिकनं सांगितलं की दोन्ही दिवे बंद असते तर गिअरबॉक्सवरचा रिव्हर्स स्विच बघितला असता. एकच बंद म्हणजे होल्डर नाहीतर डिकीच्या बिजागरीपाशी वाकून वाकून तुटलेली वायर. वायरच निघाली. आणि इथं, इतका वेळ मार खाल्लेल्या सच्याची बाजू रफिकनंच घेतली: मागं एलईडी बल्ब चालेल. तिथं झोताला काठ नसतो, नुसता पसरट उजेड हवा, आणि बारीक वायरीवर भारही कमी. फक्त एका बाजूलाच तोंड असलेला घेऊ नको, चौफेर चिपांचा घे. बंपरखाली शेतावरचे वर्कलॅम्प लावू नको. लावलेसच तर वेगळ्या रिलेवर आणि गिअर पडल्यावरच पेटतील असे. हायवेला मागच्याला आंधळं करायला ते चालू ठेवणारे महाभाग त्यानं पाहिलेत. सच्यानं लगेच खिशातनं फोन काढून दुकानात कुठल्या बॉक्समध्ये काय आहे ते बघायला घेतलं.

दोन दिवस गाडी रफिककडं होती. रिले, होल्डर, वायर, पॉलिश, मजुरी असं धरून एका एलईडी जोडीच्या आत भागलं. फिल्म मी स्वतः काढली. ड्रायर आणि साबणाचं पाणी, आणि डिफॉगरच्या तारा खरवडू नयेत म्हणून नखानं. बल्बवर आता १३.५ येतात. बल्ब तोच.

शनिवारी रात्री जेवून पाचही जण ट्रायलला यवतेश्वराच्या घाटात गेलो. मागं तिघं, त्यात मास्तर, म्हणजे साडेतीन. पहिल्या वळणावरच कठड्याच्या दगडांमधलं सिमेंट दिसलं आणि मी काही न बोलता गाडी जरा हळू केली, नुसतं बघायला. दुसऱ्या वळणावर समोरून आलेल्यानं डिपर मारला. तिसऱ्यावर दुसऱ्यानं. मी डिपरवरच होतो.

"बघा, हॅलोजन पण डोळ्यात जातोय!" सच्या मागून आनंदानं ओरडला.

अप्पा माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी वाकून स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला हात घातला. तिथं एक छोटं चाक आहे, शून्य ते तीन आकड्यांचं, शून्यावर ठेवलेलं. त्यांनी ते तीनवर नेलं आणि झाडांच्या शेंड्यांत गेलेला उजेड सरसरत खाली रस्त्यावर उतरला.

"मागं वजन बसलं की नाक वर हुतंय गाडीचं," ते म्हणाले. "हे कशाचं वाटलं हुतं तुला?"

"मीटरचा उजेड कमी-जास्त करायचं."

"किती वर्सं हाय तुझ्याकडं गाडी?"

मी गाडी वळवायला जागा बघू लागलो. रिव्हर्स टाकला, आणि आरशात रस्त्याच्या कडेचा खडीचा ढीग, त्यावरचं कुत्रं आणि कुत्र्याचा वाकडा कान, तिन्ही दिसले.