‘दगडाचा गाभा, अर्धं बिल’: हा मेसेज पुढे ढकलण्याआधी

इंग्लंडमधल्या आपल्या ग्रुपांवर थंडी पडली की हा मेसेज हमखास येतो. भिंतीवरचा इलेक्ट्रिक रेडिएटर घ्या, आत दगडाचा गाभा असलेलाच घ्या, तो शंभर टक्के कार्यक्षम असतो. गॅसचा बॉयलर बंद करा, बिल अर्ध्यावर येईल. कमी वॉटचा घ्या म्हणजे आणखी वाचेल. इलेक्ट्रिशियन लागत नाही, एका एक्स्टेन्शनवर दोन चालतात, वर कपडेही वाळतात. आजवर मी वाचून सोडून देत होते. परवा कॉव्हेंट्रीहून धाकट्या भावाचा फोटो आला: ‘ताई, दोन घेतले!’

घरमालक भोकं पाडू देत नाही म्हणून दोन्ही रेडिएटर भिंतीला नुसते टेकवलेले. दोघांच्या वायरी सोफ्याखालच्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डात, आणि बोर्डाची वायर वेटोळं करून ठेवलेली. एका रेडिएटरच्या जाळीवर बाळाची ओली दुपटी. मी त्याला तिथल्या तिथे फोन करून दोन्ही बंद करायला लावले. प्लगला हात लावून बघ म्हटलं, तर म्हणाला, ‘चांगलाच तापलाय गं.’

तापणारच. प्रत्येक रेडिएटर 2000 वॉटचा. दोन मिळून 4000 वॉट, म्हणजे 230 व्होल्टला सतरा अँपिअरच्या वर. बोर्ड तेरा अँपिअरचा. फ्यूज उडेल या भरवशावर राहू नका. एवढ्याशा जादा करंटवर तो बराच वेळ तग धरतो, आणि तोवर वेटोळ्यातली वायर आतल्या आत तापत राहते. हीटर एक्स्टेन्शनवर लावू नका आणि हीटरवर कपडे वाळवू नका, हे इथली अग्निशमन दलं दर हिवाळ्यात सांगतात. दुपट्यांनी जाळी झाकली की गरम हवा बाहेर पडत नाही आणि आतला भाग नको तितका तापतो. ‘झाकू नका’ असं त्या रेडिएटरवरच छापलेलं असतं! तान्ह्या बाळाच्या खोलीत हे करायचा सल्ला कुणी दिला, आणि आपण तो ‘उपयुक्त माहिती’ म्हणून पुढे पाठवला, याचा मला मनापासून राग आला आहे.

आता दगडाचं. शंभर टक्के हा आकडा खरा आहे, पण तो वीस पाउंडांच्या साध्या हीटरलाही तितकाच लागू आहे. एक युनिट वीज घातली की एक युनिट उष्णता मिळते, मग आत तेल असो, सिरॅमिक असो की दगड. युरोपीय संघाचा 2015/1188 क्रमांकाचा नियम 1 जानेवारी 2018 पासून लागू झाला. भिंतीवर पक्क्या बसवायच्या, 250 वॉटच्या वरच्या हीटरची हंगामी कार्यक्षमता त्यात किमान 38 टक्के भरावी लागायची, कारण वीज तयार करतानाचं नुकसानही हिशेबात धरलं होतं. ते 38 गाठायला गुण मिळायचे इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅटला, आठवड्याच्या टायमरला, खिडकी उघडी आहे हे ओळखण्याला. दगडाला एकही गुण नव्हता.

दगडाची गोष्ट आली कुठून, तर नाइट स्टोरेज हीटरमधून. त्यातल्या विटा रात्रीच्या स्वस्त दराच्या विजेवर तापतात आणि दिवसा ऊब सोडतात. तिथे पैसे वाचतात ते दराच्या फरकामुळे. दिवसाच्या दरानं तापवलेला दगड फक्त उशिरा तापतो आणि उशिरा निवतो.

बिलाचं म्हणाल तर 2025 च्या जानेवारी ते मार्चमध्ये ऑफजेमनं (इथल्या वीज-गॅस नियामकानं) ठरवलेल्या कमाल दरानुसार वीज सरासरी 24.86 पेन्स युनिट होती आणि गॅस 6.34. बारा युनिट ऊब विजेनं घेतली तर सुमारे तीन पाउंड, बऱ्या बॉयलरनं घेतली तर 85 पेन्सच्या आसपास. बिल अर्ध्यावर येणं दूरच, तिपटीहून जास्त होतं. गॅसचं कनेक्शनच काढून टाकलं तर रोजचा ठरलेला आकार वाचतो, वार्षिक सर्व्हिसिंग जातं, बॉयलरमधून कार्बन मोनॉक्साइड गळण्याची भीती जाते, हे मान्य. पण भाड्याच्या घरात अंघोळीचं पाणीही त्याच बॉयलरवर तापतं ना?

कमी वॉटचंही तसंच. भिंती आणि खिडक्यांतून जितकी उष्णता बाहेर जाते तितकी भरून काढावीच लागते. 2000 वॉटची गरज असलेल्या खोलीत 800 वॉटचा लावला तर तो थांबतच नाही आणि खोलीही गार राहते.

ज्यांच्या फ्लॅटमध्ये गॅसच नाही त्यांनी रेडिएटर जरूर घ्यावा. गाभा कशाचा हे विचारू नका. टायमर आणि थर्मोस्टॅट बघा, वॉट खोलीच्या मापानं ठरवा, पडदा आणि सोफा लांब ठेवा. घरमालकाची लेखी परवानगी घ्या आणि फ्यूज असलेली पक्की जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. बाथरूमसाठी पाण्याचे शिंतोडे सोसणारंच मॉडेल घ्या, आणि कुठे बसवायचं हेही इलेक्ट्रिशियनलाच ठरवू द्या.

भावानं दोन्ही रेडिएटर परत केले. दुपटी आता खिडकीपाशी स्टँडवर वाळतात.