शेवभाजीच्या आडून जाहिरातींची वकिली

खानदेशात सध्या एक संदेश हातोहात फिरतो आहे: “आपले आजोबा शेवभाजीचा तर्रीदार रस्सा ओरपत होते, तरी लठ्ठ नव्हते, कारण ते शेतात राबत होते. कष्ट संपले म्हणून पोटे सुटली. कंपन्यांच्या जाहिरातींना उगाच दोष देऊ नका, त्या कुणाच्या तोंडात घास कोंबत नाहीत.”

कष्ट कमी झाले, हे मान्यच आहे. मात्र राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण 2015-16 मध्ये 2.1 टक्के होते, ते 2019-21 मध्ये 3.4 टक्क्यांवर गेले, आणि ही बालके पूर्वीही कधी केळीचे घड वाहत नव्हती. शिवाय ‘खाण्याचे सोडा, हालचाल वाढवा’ हा उपदेश वाटतो तितका निरागस नाही. अमेरिकेत हाच सूर लावणाऱ्या ‘ग्लोबल एनर्जी बॅलन्स नेटवर्क’ या शास्त्रज्ञांच्या गटाला कोका-कोलाने पैसा पुरवल्याचे 2015 मध्ये उजेडात आले आणि त्याच वर्षाअखेरीस तो गट गुंडाळावा लागला. जाहिरातींना निर्दोष ठरवणारा युक्तिवादही असा विकत घेतलेला असू शकतो; संदेश पुढे ढकलणाऱ्या भल्या माणसांच्या हे गावीही नसावे.

शेवभाजीची तुलना तर मुळातच गैरलागू आहे. तिच्यासाठी मसाला भाजावा, वाटावा लागतो आणि ती भाकरीसोबत ताटात येते; मोबाइलवरच्या खेळात मध्येच येऊन ती सात वर्षांच्या मुलाला हाक मारत नाही, की पाच रुपयांच्या पुडीतून कार्टूनचे चित्र मिरवत त्याच्या डोळ्यांसमोर लोंबकळत नाही.

राहिला घास कोंबण्याचा मुद्दा. चिलीने 2016 पासून साखर, मीठ वा मेद जास्त असलेल्या पदार्थांवर काळे अष्टकोनी इशारे छापणे सक्तीचे केले, त्यांच्या वेष्टनांवरची मुलांना भुलवणारी चित्रे हटवली, आणि इशारा लागू झालेल्या गोड पेयांची खरेदी सुमारे चतुर्थांशाने घटली. तिथल्या लोकांचा मनोनिग्रह एका वर्षात वाढला, असे कुणी म्हणणार नाही. आपल्याकडेही 2020 च्या नियमांनी शाळेच्या आवारात आणि त्यापासून 50 मीटरपर्यंत अशा पदार्थांची विक्री व जाहिरात मना केली आहे. संदेश पाठवणाऱ्यांनी शाळा सुटताना फाटकापासून तेवढे अंतर एकदा पावलांनी मोजावे आणि वाटेत पुड्यांच्या किती माळा लागतात, ते पाहावे.